सीईटीत गणिताला हातपाय गार पडले तर
एमएचटी-सीईटी या बारावीनंतरच्या इंजिनिअरिंग प्रवेश परीक्षेच्या गणितात 50 प्रश्न, 90 मिनिटं. म्हणजे प्रश्नाला जेमतेम पावणेदोन मिनिटं. पहिल्याच इंटिग्रेशनला अडलात की तळहाताला घाम सुटतो, माऊस बुळबुळतो आणि पाठ असलेलं सूत्रही आठवत नाही. तेव्हा त्याच गणिताशी झटू नका. पेन खाली ठेवा, तीन-चार वेळा श्वास हळूहळू, लांबवत सोडा. मग तो प्रश्न ‘मार्क फॉर रिव्ह्यू’ (नंतर बघायची खूण) करून सरळ लॉजिकचा किंवा मॅट्रिक्सचा एखादा सोपा प्रश्न गाठा. रफ कागदावर ट्रुथ टेबलच्या चार ओळी उतरल्या की डोकं पुन्हा चालू लागतं. (घड्याळाकडे मात्र दर मिनिटाला बघू नका, त्यानेच निम्मी घबराट होते.) निगेटिव्ह मार्किंग नाही, तेव्हा शेवटची पाच मिनिटं राहिलेल्यांवर क्लिक करायला ठेवा.