आधी भरतीचा तक्ता, मग डबा

खडकाळ किनाऱ्यावर वसंतातला एक दिवस काढायचा म्हटलं की बहुतेक जण आधी खायला काय न्यायचं ते ठरवतात. मीही तेच करायचे. मग एका वर्षी फुलांच्या नादात कड्याच्या वळणापलीकडे गेले. परत फिरले, तर जिथून कोरड्या पायांनी आले होते तिथे कमरेएवढं पाणी. एका उंच कातळावर साडेचार तास बसून काढले. थर्मासमधला चहा पहिल्या अर्ध्या तासातच संपला होता. तेव्हापासून आधी तक्ता, मग डबा.

तक्ता वाचायला अवघड नाही. बहुतेक किनाऱ्यांवर एका भरतीपासून दुसरीपर्यंत साधारण १२ तास २५ मिनिटं जातात, म्हणून आजची वेळ उद्या जवळपास ५० मिनिटांनी पुढे सरकते. पण पाणी सारख्या वेगानं चढत नाही. सहा तासांत जेवढं चढायचं त्याचे बारा वाटे करा. पहिल्या तासात एक वाटा चढतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, मग दोन, शेवटी एक. पहिल्या तासात ‘अजून खूप वेळ आहे’ असं वाटतं आणि तिसऱ्या तासात पाणी अक्षरशः धावत येतं. मी फसले ती इथेच. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असतं, अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, म्हणजे पाण्याची चढ-उतार कमी. आणि दिवस-रात्र समान होतात त्या दिवसांत, म्हणजे ऐन वसंतात, उधाण वर्षातल्या मोठ्यांपैकी असतं. पाणी फार खाली जातं, खडकातली डबकी उघडी पडतात, पाय पुढे पुढे जातात आणि तेच पाणी तितकंच वर येतं. ओहोटी लागली की उतरायचं आणि पाणी तळाला जायच्या आधी माघारी वळायचं.

फुलांसाठी सकाळ. मतलई वारे पडलेले असतात, खारे वारे अजून सुरू व्हायचे असतात, त्या मधल्या शांत तासा-दीड तासात फूल हलत नाही. फार लवकर जाऊनही उपयोग नाही. काही फुलं ऊन अंगावर आल्याशिवाय उमलतच नाहीत. उभ्यानं बघाल तर कड्यावर नुसते रंगाचे ठिपके दिसतील. मी सरळ पालथी पडते आणि दहापट मोठं दाखवणारं भिंग डोळ्याला लावते. मग कळतं की इथलं प्रत्येक झाड वाऱ्याशी आणि मिठाशी हुज्जत घालून जगतंय. पानं जाड, रसाळ, पाणी साठवणारी. काहींवर बारीक लव. उंची वितीच्या आतच. युरोपातल्या अटलांटिक किनाऱ्यावरचं थ्रिफ्ट बघा: गवतासारख्या पानांची घट्ट उशी, वर गुलाबी गोंडे आणि मूळ मात्र खडकाच्या फटीत खोलवर. मातीचा थर जेमतेम बोटभर असतो, तेव्हा फुलांवर पाय देऊ नका, पायवाट सोडू नका. कड्याची कडा तर खालून पोखरलेली असू शकते. वरून ते दिसत नाही.

दुपारी लाटा. आधी उंच, कोरड्या जागी वीस मिनिटं नुसतं बसा. माझ्या जाऊबाईंना हे अजिबात जमत नाही, पाचव्या मिनिटाला त्या उठतात. पण लाटा गटानं येतात, आणि मोठा गट बराच वेळ दडी मारून बसतो. कातळ काळा, ओला दिसतोय तिथवर लाट येऊन गेलेली आहे हे समजा. दोन लाटांच्या माथ्यांमधले सेकंद मोजा. पाच-सहा भरले तर लाट जवळच्याच वाऱ्याची. बारा-चौदा भरले तर ती कुठल्या तरी दूरच्या वादळातून निघून आलेली आहे. दिसायला ती बुटकी असते, पण कातळावर आपटली की पोटात धस्स होतं. समुद्राकडे पाठ करून फोटो काढायचा नाही. कोणी पाण्यात पडलंच तर मागोमाग उडी मारू नका. तरंगणारं काही फेका आणि बचाव पथकाला फोन करा.

वाऱ्याचा अंदाज पाण्यावरूनच येतो. ब्रिटिश नौदलातल्या फ्रान्सिस ब्यूफर्टनं १८०५ मध्ये वाऱ्याची श्रेणी मांडली तीही डोळ्यांना दिसेल त्यावरूनच. तुरळक पांढरे फेसाळ माथे दिसले तर वारा ताशी १२ ते १९ किलोमीटर, बऱ्याच लाटांवर दिसू लागले तर २० ते २८. त्यापुढे मी कड्याच्या जवळ जात नाही, मग फुलं कितीही सुंदर असोत. वसंतात जमीन तापलेली असते पण पाणी अजून गारच. त्यावरून उबदार, दमट हवा आली की धुकं धरतं, आणि ते दहा मिनिटांत अंगावर येतं. मागची वाट दिसेनाशी व्हायच्या आत निघा. एक जाड स्वेटर घेण्यापेक्षा पातळ दोन-तीन कपडे आणि वरून वारा अडवणारं जॅकेट बरं.

घरी आल्यावर चष्मा कोरड्या फडक्यानं पुसू नका. भिंगाखाली धरून बघा, काचेवर मिठाचे बारके चौकोनी खडे दिसतील. ते घासले की काचेवर ओरखडे पडतात. माझे दोन चष्मे असेच गेले. आधी नळाच्या गोड्या पाण्याखाली धरा, मग पुसा.