दोघांनी दिल्ली पाहताना आधी वार बघा

सोमवारी दिल्लीत लाल किल्ला, लोटस टेंपल, अक्षरधाम, राष्ट्रीय संग्रहालय, सगळं बंद! नेमका तोच वार वाट्याला आला तर कुतुबमिनार बघून घ्या. एरवी मेट्रोची व्हायोलेट लाइन धरा. लाल किल्ल्यासाठी लाल किला, हुमायूनच्या कबरीसाठी जवाहरलाल नेहरू स्टेडियम (पुढे रिक्षा) आणि लोटस टेंपलसाठी कालकाजी मंदिर, तिन्ही स्टेशनं याच मार्गावर आहेत. एका दिवसात तिन्ही होतात, पण दमछाक होते. मी तरी लोटस टेंपल दुसऱ्या दिवसावर टाकेन आणि तो वेळ हुमायूनच्या कबरीला देईन. बादशहामागे त्याच्या बेगमेनं, हाजी बेगमनं, ती बांधवून घेतली. जोडीनं निवांत बघावी अशीच आहे ती. तिकिटं ऑनलाइन काढा, रांग वाचते.