मोबाईलचे रात्रीचे फोटो खराब येतात? मेगापिक्सेलच्या नादात या चुका टाळा

मागच्या उन्हाळ्यात परभणीकडं चुलत बहिणीची हळद होती, रात्रीची, मांडवात दोन एलईडी अन् बाकी सगळा अंधार. मामेभावाने नवा फोन घेतलेला, त्याने सगळे फोटो १०८ मेगापिक्सेल मोड लावून काढले, का तर जास्त क्लिअर येतील. सकाळी बघितलं तर नवरीच्या तोंडावर नुसते दाणे. "दादा, एवढा महागाचा फोन अन् फोटो असे का यायलेत?" फोन चांगलाच होता, मोड चुकला होता, अन् हळद काय परत लागत नाही, म्हणून हे लिहितोय.

कॅमेऱ्यात उजेड टिपणारी चिप म्हणजे सेन्सर, त्याला शेत समजा, अन् पिक्सेल म्हणजे त्याच्या बारीक वाटण्या, दहा लाख पिक्सेलचा एक मेगापिक्सेल. शेत तेवढंच ठेवून वाटण्या वाढवल्या की प्रत्येकाच्या वाट्याला तुकडा लहान येतो. १०८ मेगापिक्सेलच्या सॅमसंगच्या एचएम-३ सेन्सरमध्ये एक पिक्सेल फक्त ०.८ मायक्रॉनचा आहे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), रात्री त्याच्यावर उजेड पडून पडून पडणार किती? म्हणून फोन नेहमीच्या मोडमध्ये ९ पिक्सेल मिळून एक करतो, १२ मेगापिक्सेलचा फोटो देतो अन् पिक्सेल २.४ मायक्रॉनसारखा वागतो. भावांनी वाटण्या मोडून शेत परत एकत्र कसल्यासारखं. तुम्ही १०८ किंवा २०० चा मोड लावला की हे एकत्र कसणं बंद. तो मोड भर उन्हात, हलत नसलेल्या गोष्टीला वापरा, वेरूळचं कैलास लेणं दुपारी वरून काढायचंय तर खुशाल लावा. रात्री मात्र नाही म्हणजे नाही.

आता उलटी चूक पण लोक करतात, नुसता पिक्सेलचा आकार बघून फोन घेतात. खरा हिशोब अख्ख्या सेन्सरच्या क्षेत्रफळाचा अन् लेन्स किती उघडी आहे त्याचा. ५० मेगापिक्सेल दोन फोनवर लिहिलेलं असतं, पण एकात ०.६४ मायक्रॉनवाला साधारण २० चौरस मिलिमीटरचा सेन्सर, दुसऱ्यात १.४ मायक्रॉनवाला ९८ चौरस मिलिमीटरचा. आकडा सेम, शेत जवळपास पाचपट! दुकानदाराला हेच विचारा, सेन्सर केवढा आहे. अन् तो १/२.७६ इंच असं सांगतो तेव्हा खालचा आकडा मोठा म्हणून सेन्सर मोठा समजू नका, अपूर्णांक आहे तो, १/१.३ वाला मोठा. १ इंची म्हणतात तो पण खरा इंचभर नसतो, १३.२ बाय ८.८ मिलिमीटर असतो, जुन्या व्हिडिओ ट्यूबच्या मापावरून ते नाव चालत आलंय.

अजिंठ्याला १ नंबरच्या लेण्यात पद्मपाणीसमोर फ्लॅशला बंदी आहे, अन् ती असायलाच पाहिजे, त्या रंगांना जपायचंय आपल्याला. तिथं लोक अख्खी भिंत यावी म्हणून ०.५ वर, म्हणजे जास्त रुंद दाखवणाऱ्या दुसऱ्या कॅमेऱ्यावर जातात. बहुतेक फोनमध्ये त्या कॅमेऱ्याचा सेन्सर मेन कॅमेऱ्यापेक्षा बराच लहान असतो, म्हणून फोटो काळपट अन् चिखल झाल्यासारखा येतो. १ वरच, म्हणजे मेन कॅमेऱ्यावर ठेवा, दोन पावलं मागं सरका, कोपरं अंगाला टेकवा, नाईट मोडला श्वास रोखून हात स्थिर ठेवा. झूमचं पण तसंच, अंधारात ३ दाबलं तरी कित्येक फोन मेन कॅमेऱ्याचाच फोटो कापून देतात. तपासायचं असेल तर ३ दाबून मेन लेन्सवर बोट ठेवून बघा, स्क्रीन काळी झाली की समजा, मेन कॅमेराच चालू आहे.

अन् आधी लेन्स पुसा. बोटाच्या तेलकट डागाने दिव्याभोवती धुकं येतं, लोक सेन्सरला दोष देतात.

स्क्रीनचं थोडं वेगळं. १०८० बाय २४०० ची स्क्रीन म्हणजे जेमतेम २.६ मेगापिक्सेल, त्यामुळं १२ काय अन् १०८ काय, झूम न करता फरक दिसतच नाही. साडेसहा इंचाला इंचात ४०० च्या आसपास पिक्सेल बसतात, हातभर अंतरावरून डोळ्याला तेवढे बास. ७२० वाल्यात २७० बसतात, बारीक अक्षरं जवळून बघितली तर थोडी खरबरीत वाटतात. आपल्याकडच्या मे महिन्याच्या उन्हात पिक्सेलपेक्षा ब्राईटनेस जास्त बघा.

स्क्रीन व्हिव्हिड मोडवर असली की रंग भडक दिसतात अन् मग अल्बम फिका छापला म्हणून स्टुडिओवाल्याशी भांडण. छापायच्या आधी नॅचरलवर करून बघा, अन् फोटो व्हॉट्सअपवर साधा न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर तो लहान होऊन जातो. ए-४ ला इंचात ३०० ठिपके धरले तरी ८.७ मेगापिक्सेल पुरतात. बहिणीच्या लग्नाचे दुसऱ्या दिवशीचे फोटो आम्ही साध्या १२ च्या मोडवरच काढले, त्यातलाच एक ए-४ वर छापून काकूंनी बैठकीत लावलाय.