नळ, गिझर, स्टीलची टाकी: पाण्यातला गंज ओळखा, या चुका टाळा

गळणारा जोड बदलला आणि वर्ष-दोन वर्षांत नवा जोडही त्याच जागी गळू लागला, की आपण मालाला दोष देतो. बहुतेक वेळा माल बरा असतो. शेजारचा धातू आणि आतलं पाणी यांचा मेळ चुकलेला असतो. म्हणून पाना हातात घेण्याआधी कोणता धातू कशाला जोडला आहे, पाण्यात काय विरघळलं आहे आणि ते कुठे साचून राहतं, हे बघायला हवं.

डाग पुष्कळ काही सांगतात. सकाळचं पहिलं पाणी लालसर आलं तर कुठेतरी लोखंड झिजतंय. बेसिनमध्ये निळा-हिरवा ओघळ दिसला तर तांबं विरघळतंय. पितळेच्या कॉकवर पांढरी भुकटी धरली आणि खरवडल्यावर आतून तांबूस, भुसभुशीत धातू दिसला, तर पितळेतलं जस्त निघून गेलंय. असा कॉक बाहेरून अखंड दिसतो आणि पान्याचा जोर लागताच मोडतो. त्याला घट्ट करू नका, बदला. नेहमीच्या नळांच्या पितळेत जस्त बरंच, कित्येकदा ४० टक्क्यांच्या आसपास असतं. खारं, गरम किंवा साचलेलं पाणी तेच आधी बाहेर काढतं. अशा पाण्यासाठी डीझेडआर, म्हणजे जस्त सहज न सोडणारं, पितळ मिळतं, ते मागून घ्यावं.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे दोन धातू थेट एकमेकांना जोडणं. पाण्यात दोन वेगळे धातू एकमेकांना टेकले की विजेचा सेल तयार होतो. त्यातला जास्त क्रियाशील धातू विरघळतो आणि दुसरा वाचतो. मॅग्नेशियम, जस्त, अॅल्युमिनियम, लोखंड, पितळ, तांबं, स्टेनलेस स्टील असा साधारण क्रम धरा. या ओळीत आधी येणारा धातू झिजतो, आणि दोघांमधलं अंतर जितकं जास्त तितकी झीज वेगानं होते.

ब्रिटिश आरमाराला हा धडा १७६०च्या दशकात मिळाला. ‘अलार्म’ या लढाऊ जहाजाच्या लाकडी तळावर १७६१ मध्ये तांब्याचे पत्रे ठोकले होते. दोन वर्षांनी पाहिलं तर तांब्याला टेकलेले लोखंडी खिळे झिजून गेले होते. जिथे पत्र्यांच्या वेष्टनाचा तपकिरी कागद मध्ये शिल्लक राहिला होता, तिथले खिळे मात्र शाबूत होते. एवढ्याशा कागदानं खिळे वाचवले, कारण त्यानं धातूला धातू टेकू दिला नाही.

घरात तेच काम प्लास्टिकचा जोड किंवा डायइलेक्ट्रिक युनियन, म्हणजे मध्ये वीज न वाहणारा तुकडा असलेला जोड, करतं. टेफ्लॉन टेप गुंडाळली की धातू वेगळे झाले, असं पुष्कळ जण धरून चालतात. तसं होत नाही. आटे आवळताना टेप फाटते आणि धातू धातूला भिडतोच. टेप गळती थांबवण्यासाठी आहे.

पाण्याच्या दिशेचाही विचार करा. आधी तांबं आणि पुढे जीआय, म्हणजे जस्ताचा थर दिलेला लोखंडी पाइप, अशी मांडणी नको. तांब्याचे विरघळलेले कण वाहत पुढे जातात, जस्ताच्या थरावर बसतात आणि तिथे भोकं पाडतात. मध्ये प्लास्टिकचा तुकडा टाकूनही हे टळत नाही, कारण तांबं पाण्याबरोबर येतं. गरम पाण्याच्या लाइनला तर जीआय टाळलेलाच बरा. साधारण ६० अंशांच्या पुढे काही पाण्यांत जस्त लोखंडाला वाचवण्याचं काम सोडून देतं. सीपीव्हीसी, म्हणजे गरम पाणी सोसणारं प्लास्टिक, तिथे बिनघोर चालतं.

रंगाच्या बाबतीत एक गोष्ट पटायला जड जाते. लोखंड आणि तांबं जोडलेलं असेल तर फक्त लोखंडावर रंग मारू नका. रंगात कुठेतरी सुईएवढं छिद्र राहतंच आणि मोठ्या तांब्याचा सगळा मारा तेवढ्याच जागेवर येतो. रंग दोन्हींवर द्या. एकच शक्य असेल तर तांब्यावर. स्टेनलेसच्या मोठ्या पत्र्याला साधे लोखंडी स्क्रू लावणं हीही तीच चूक.

आता स्टेनलेस स्टील. ‘याला गंज लागत नाही’ हा समज फार नुकसान करतो. त्याला वाचवतो तो क्रोमियम ऑक्साइडचा अतिशय पातळ थर, आणि क्लोराइड, म्हणजे मिठातला क्षार, तोच थर फोडतो. ३०४ प्रकारात सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं, तर ३१६ मध्ये २ ते ३ टक्के मॉलिब्डेनमही असतं. साध्या तापमानाला लिटरमागे २०० मिलिग्रॅम क्लोराइडपर्यंत ३०४ आणि सुमारे १००० पर्यंत ३१६, हा ढोबळ हिशेब. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात क्लोराइडची स्वीकार्य मर्यादा २५० आहे, दुसरा स्रोत नसेल तर १००० पर्यंत चालतं. म्हणजे पिण्यायोग्य ठरलेलं पाणीही ३०४ च्या टाकीला भोकं पाडू शकतं. अकोला-अमरावती-बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात आणि समुद्रकाठच्या विहिरींवर आधी पाणी तपासून घ्या, मग टाकी. स्वस्त २०२ प्रकार चुंबकाच्या परीक्षेत बहुधा ३०४ सारखाच वागतो, त्यामुळे चुंबक लावून खात्री होत नाही.

टाकी धुताना ब्लीचिंग पावडर तळाशी पडू देणं, संडास साफ करायचं अॅसिड वापरणं, लोखंडी तारेनं घासणं, तिन्ही टाळा. तारेचे कण पृष्ठभागात रुततात आणि तेच गंजू लागतात. तळाचा गाळही वेळच्या वेळी काढा. गाळाखाली ऑक्सिजन पोचत नाही, थर सावरत नाही आणि भोक तिथूनच पडतं. नव्या इमारतीत पाइपची चाचणी घेऊन पाणी महिनोन्महिने आत ठेवतात, त्याचं फळही हेच. चाचणी झाली की पाइप रिकामे करून वाळवा.

कोकणात जांभ्याच्या विहिरींचं पाणी मऊ आणि कित्येकदा आम्लधर्मी असतं. प्यायला गोड, पण लोखंडाला आणि तांब्याला खाणारं. आरओचं पाणीही याच जातीचं. त्याची लाइन प्लास्टिकचीच हवी. जड पाण्यातल्या क्षारांचा पातळ थर उलट आतून थोडं संरक्षण देतो, मात्र त्यावर विसंबू नये.

गिझरमधली मॅग्नेशियमची कांडी पुष्कळांना माहीतच नसते. टाकीच्या ऐवजी तिनं झिजावं म्हणूनच ती बसवलेली असते. हम्फ्री डेव्ही यांनी १८२४ मध्ये जहाजांचं तांबं वाचवायला लोखंड आणि जस्ताचे तुकडे जोडले, तीच ही युक्ती. तांबं वाचलंही, पण विरघळेनासं झालं आणि तळावर शिंपले-शेवाळ माजलं, म्हणून आरमारानं ती सोडली. गिझरमध्ये अशी अडचण नाही. कांडी वर्ष-दोन वर्षांनी काढून बघा आणि आतली तार उघडी पडली असेल तर बदला. सॉफ्टनर, म्हणजे पाणी मऊ करणारं यंत्र, बसवला असेल तर आणखी लवकर. पाण्याला सडक्या अंड्याचा वास येतो म्हणून काही ठिकाणी कांडी काढूनच टाकतात. मग टाकी झिजते. त्याऐवजी अॅल्युमिनियम-जस्ताची कांडी लावा.

बोटीच्या पंख्याजवळच्या जस्ताच्या ठोकळ्यावर रंग मारणं हाही तोच घात. रंगवलेलं जस्त झिजत नाही, त्यामुळे ते काही वाचवतही नाही. तळ रंगवताना ठोकळ्यावर कागद चिकटवा आणि काम झालं की आठवणीनं काढा.