परसातला टोमॅटो: पाण्यात खंड नको, तोडणीला उशीर नको

दिवाळीच्या सुमारास परसात किंवा गच्चीवरच्या कुंड्यांत लावलेल्या टोमॅटोला आता फळं धरू लागली असतील. झाड हिरवंगार दिसतंय म्हणून निर्धास्त राहू नका. इथून पुढे सगळं पाण्यावर आहे.

मागच्या वर्षी मी चार दिवस गावी गेलो आणि परत आल्यावर सुकलेल्या कुंड्यांत बादलीभर पाणी ओतलं. काही दिवसांत लिंबाएवढ्या फळांच्या बुडाशी आधी तपकिरी, मग काळे, चामड्यासारखे चपटे डाग पडले. रोग समजून फवारणी केली, ती वाया गेली. फळाला कॅल्शियम कमी पडलं की असं होतं. बहुतेक वेळा मातीत ते असतं, पण पाण्यात खंड पडला की फळाच्या टोकापर्यंत पोचत नाही. पिकत आलेल्या फळाला एकदम भरपूर पाणी मिळालं तर तडे जातात, ते वेगळंच. म्हणून रोज सकाळी मातीत दोन पेरं बोट खुपसून बघा. ओल लागली नाही, तर बुंध्याशी पाणी द्या. पानं भिजवू नका, करपा (पानांवर डाग पाडणारा बुरशीचा रोग) वाढतो. बुंध्याभोवती पालापाचोळ्याचा तीन बोटं थर द्या. एवढ्यानंही ओल बरीच टिकते.

उंच वाढणाऱ्या जातींचे बगलफुटवे, म्हणजे पान आणि खोड यांच्या बेचक्यातून येणारे फुटवे, बोटभर असतानाच मोडा. बुटक्या, झुडपी जातींचे मोडू नका, फळं कमी होतील. पानं वर वळून बारीक, पिवळट झाली आणि झाड खुरटलं, तर ते झाड उपटाच. हा विषाणूचा रोग असतो; पांढरी माशी तो शेजारच्या झाडावर नेते आणि त्यावर औषध नाही. दरवर्षी हा त्रास होत असेल, तर पुढच्या हंगामात बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचं, या रोगाला तोंड देणारं 'अर्का रक्षक' वाण लावा.

फळ झाडावर लालबुंद व्हायची वाट बघू नका. बुडाशी गुलाबी छटा आली की तोडा; घरात सावलीत ते छान पिकतं आणि पाखरं, अळी, तडे यांतून वाचतं. देठावर एक गाठ असते. तिच्यावर अंगठा टेकवून फळ वर उचललं की ते देठासकट अलगद सुटतं. फ्रिजमध्ये मात्र नको, कच्चं फळ तिथे नीट पिकत नाही आणि पिकल्याची चव जाते.

मार्चमध्ये पारा ३५ अंशांवर गेला की फुलं गळतात, फळांवर लालीही नीट चढत नाही. तेव्हा झाडावर उरलेली हिरवी फळं उतरवा आणि शेंगदाण्याचं कूट घालून चटणी करा.