बारा तारांचा किणकिणाट: बर्ड्‌सचा बाज आपल्या गिटारीवर

बर्ड्‌स हा लॉस एंजेलिसचा फोक-रॉक बँड, 1964 चा. रॉजर मॅग्विन (तेव्हा जिम), जीन क्लार्क, डेव्हिड क्रॉस्बी, ख्रिस हिलमन आणि मायकेल क्लार्क हे मूळचे पाच जण. बीटल्सच्या चित्रपटात जॉर्ज हॅरिसनच्या हातात बारा तारांची रिकनबॅकर ही इलेक्ट्रिक गिटार दिसली आणि मॅग्विननेही तीच घेतली. बँडची ओळख या गिटारीवर उभी आहे, म्हणून सुरुवात तारांपासून.

बारा तारांच्या साध्या अकूस्टिकवर 10 ते 47 चा हलका सेट चढवा (पहिल्या जोडीपासून सहाव्या जोडीतल्या जाड तारेपर्यंतची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागांत). खालच्या स्वरांच्या चार जोड्यांत एक तार जाड, दुसरी सप्तकभर वर. उरलेल्या दोन जोड्या एकाच स्वराच्या. बारा तारा ओढल्या की मान वाकते आणि आधी लावलेल्या उतरतात, म्हणून दोन फेऱ्या कराव्याच लागतात. जाड तार ट्यूनरवर लावा, बारीक तिच्याशी कानाने जुळवा. स्वर नेहमी खालून वर आणा. तुटते ती बहुतेक 8 ची, म्हणजे तिसऱ्या जोडीतली बारीक. सगळी गिटार एक सूर खाली लावून दुसऱ्या पडद्यावर (फ्रेटवर) कॅपो, म्हणजे तारा दाबून धरणारा चाप, बसवला तर तारही वाचते आणि ब्रिजही.

बेळगाव-खानापूरच्या पावसाळ्यात लाकूड फुगतं, तारा मानेवरच्या पट्टीपासून उचलल्या जातात. गिटार पेटीत सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा, आणि तालमीच्या खोलीत आणल्यावर अर्धा तास तशीच राहू द्या. लगेच लावलेली टिकत नाही.

रिकनबॅकरवर जोडीतली जाड तार आधी वाजते, बारीक नंतर. इतर गिटारींवर उलट. पण नुसती अदलाबदल करू नका. नटमधल्या, म्हणजे मानेच्या टोकाच्या पट्टीतल्या, खाचा तारेच्या जाडीच्या असतात, बारीक तार रुंद खाचेत खडखडते. कारागिराकडून नवा नट करून घ्या, नाहीतर राहू द्या.

मॅग्विन अंगठा आणि तर्जनीत पिक धरतो, पुढच्या बोटांना धातूच्या नख्या घालतो. बँजोची चाल आहे ती. स्वर लांबतो तो कॉम्प्रेसरमुळे, म्हणजे आवाजातला चढउतार दाबणाऱ्या यंत्रामुळे. त्याच्या पेडलवर सस्टेन (स्वर रेंगाळवणारं बटण) चढवा, पण घरघरही चढते, तेव्हा आवाज मर्यादेतच.

गायनात मॅग्विन आणि जीन क्लार्क बहुधा एकाच स्वरात, क्रॉस्बी वर. तालमीत आधी दोघांचा सूर जुळू द्या. तिसरा घाईने घेतला की सगळं बेसूर.

एक गंमत: 1965 च्या पहिल्या हिट सिंगलवर, बॉब डिलनच्या ‘मिस्टर टॅम्बरीन मॅन’वर, बँडमधला एकटा मॅग्विनच वाद्य वाजवतो. ड्रम्स हॅल ब्लेनचे, बास लॅरी नेक्टेलचा. मायकेल क्लार्क तर सुरुवातीला पुठ्ठ्याच्या खोक्यांवर सराव करत होता, आणि हिलमन मूळचा मॅन्डोलिनवाला. तेव्हा तुमच्या ड्रमरला त्या गाण्यावरून मायकेलचा हात शिकवू नका, ‘टर्न! टर्न! टर्न!’ ऐकवा, तिथे बँड स्वतः वाजवतो.

1966 च्या ‘एट माइल्स हाय’मध्ये जॅझ सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन आणि रविशंकर यांचा प्रभाव आहे. ते सोलो लयीत बसवायला वेळ लागतो, मेट्रोनोम निम्म्यावर ठेवा.

त्याच वर्षी जीन क्लार्क बँड सोडून गेला, 1967 मध्ये क्रॉस्बीला काढलं. 1968 मध्ये ग्रॅम पार्सन्स आला आणि बाज कंट्रीकडे वळला. ‘स्वीटहार्ट ऑफ द रोडिओ’ या अल्बममधली गाणी बसवायची असतील तर बारा तारा बाजूला ठेवा, पेडल स्टील (आडवी ठेवून वाजवायची कंट्री गिटार) वाजवणारा शोधा.