परवडणारा परफ्युम घेण्यापूर्वी : ‘कूल वॉटर’ कसा पारखावा

परफ्युम महाग असला की आपण चार ठिकाणी चौकशी करतो, आणि तोच सवलतीत मिळत असला की न हुंगताच मागवून मोकळे होतो. परवडणारा परफ्युम घेताना बहुतेकांची निराशा इथेच होते, कारण एखादा सुगंध आपल्या अंगाला मानवेल की नाही, याचा त्याच्या किमतीशी काहीही संबंध नसतो. तो पारखण्याची रीत स्वस्त बाटलीसाठीही तीच आहे. तिला पैसे फारसे लागत नाहीत, मात्र एक पूर्ण दिवस द्यावा लागतो. ही रीत नीट समजावी म्हणून ‘डेव्हिडॉफ’चा पुरुषांसाठीचा ‘कूल वॉटर’ हा परफ्युम उदाहरणादाखल घेऊ. तो आपल्याकडे मोठ्या दुकानांत सहज मिळतो आणि नामांकित ब्रँडच्या परफ्युमांमध्ये तुलनेने स्वस्त आहे.

‘कूल वॉटर’ 1988 साली बाजारात आला. पिएर बुर्दों या फ्रेंच सुगंधकाराने तो रचला. इतकी वर्षे मोठ्या प्रमाणावर तयार होत असल्यामुळे आणि जागोजागी विकला जात असल्यामुळे त्यावर सवलती वरचेवर मिळतात, म्हणून कमी किमतीवरून त्याला हलका समजू नये. लॅव्हेंडर आणि पुदिना यांचा गार, किंचित धारदार वास प्रथम येतो, मग जिरॅनियमसारख्या फुलांचा मऊपणा जाणवू लागतो आणि शेवटी देवदारी लाकूड, कस्तुरीसदृश गंध व तंबाखूची पुसटशी छटा उरते. सुरुवातीचा तो स्वच्छ गारवा मुख्यतः डायहायड्रोमर्सिनॉल या कृत्रिम द्रव्यामुळे येतो. हेच द्रव्य साबणांत आणि कपड्यांच्या पावडरींतही वापरले जात असल्याने पहिल्याच फवाऱ्याला ‘हा तर साबणासारखा आहे’ असे म्हणून अनेकजण बाटली खाली ठेवतात. ती घाई करू नये, कारण हा परफ्युम जे काही सांगतो ते अर्ध्या तासानंतर सांगतो.

दुकानात जाताना शक्यतो सकाळची वेळ निवडावी आणि त्या दिवशी डिओडरंट, सुगंधी तेल किंवा आफ्टरशेव्ह यांपैकी काहीही लावू नये. सर्दी असेल तर जाणे पुढे ढकलावे. विक्रेता प्रथम कागदी पट्टीवर फवारून देईल. अल्कोहोल उडून जावे म्हणून पट्टी थोडा वेळ तशीच धरावी आणि मगच हुंगावी. नावडते परफ्युम बाजूला काढण्यापुरताच पट्टीचा उपयोग आहे. कागदाला ऊब नसते, घाम नसतो आणि त्वचेवरचे तेलही नसते, त्यामुळे पट्टीवर आवडला म्हणून बाटली घेऊ नये. एका वेळी तीन-चार वासांपलीकडे जाऊ नये, कारण त्यानंतर नाक थकते आणि सगळेच वास एकमेकांसारखे भासतात. अनेक दुकानांत त्यासाठी कॉफीच्या बिया ठेवलेल्या असतात, परंतु त्यांपेक्षा दुकानाबाहेर येऊन मोकळी हवा घेणे किंवा आपल्याच कोपराच्या आतली, काही न लावलेली त्वचा हुंगणे बरे.

पट्टीवर पसंत पडलेला एकच परफ्युम मग अंगावर घ्यावा. कोपर आणि मनगट यांच्यामध्ये, हाताच्या आतल्या बाजूला, साधारण वीतभर अंतरावरून एक फवारा मारावा आणि तो आपोआप वाळू द्यावा. हळदीकुंकवात किंवा लग्नात हाताला अत्तर लावले की आपण हात एकमेकांवर चोळतो. तेलात बांधलेल्या अत्तराला ते चालते, परंतु अल्कोहोलमधल्या परफ्युमला चोळू नये, कारण त्याचा सुरुवातीचा नाजूक भाग त्या उष्णतेने लवकर उडून जातो. ज्यांची त्वचा संवेदनशील आहे त्यांनी त्याच जागी खाज किंवा लाली येते का, हे दुसऱ्या दिवसापर्यंत पाहावे. नुकतीच दाढी केलेल्या गालांवर तर पहिल्या दिवशी मुळीच लावू नये.

यानंतर काहीही विकत न घेता दुकानातून बाहेर पडावे. विक्रेत्याच्या आग्रहापुढे हे अवघड जाते, तरीही माझ्या मते संपूर्ण पारखणीतली सर्वांत महत्त्वाची पायरी हीच आहे. पंधरा मिनिटांनी, तासाने, दुपारी आणि संध्याकाळी हात पुन्हा हुंगावा, आणि त्या त्या वेळी काय जाणवले ते मोबाइलमध्ये एका ओळीत टिपून ठेवावे. ‘कूल वॉटर’ हा ‘ओ द तुआलेत’ या प्रकारातला, म्हणजे ‘ओ द पार्फ्युम’पेक्षा सामान्यतः कमी सुगंधद्रव्य असलेला परफ्युम आहे. तो रात्रीपर्यंत दरवळत राहील अशी अपेक्षा ठेवली तर तो नापास होईल, पण ते मोजमाप त्याला लागूच पडत नाही. शिवाय आपल्याला वास येईनासा झाला म्हणजे तो उडाला, असेही नाही. सतत येणाऱ्या वासाला नाक सरावते, आणि काही कस्तुरीसदृश द्रव्ये तर काही माणसांना जाणवतच नाहीत. म्हणून चार तासांनी घरातल्या किंवा कार्यालयातल्या एखाद्या स्पष्टवक्त्या व्यक्तीला विचारावे, आणि ‘छान आहे का’ यापेक्षा ‘किती अंतरावरून येतो’ हे विचारावे.

परीक्षा आपण जिथे राहतो त्याच हवेत व्हायला हवी. मॉलमधल्या वातानुकूलित गारव्यात सौम्य वाटणारा परफ्युम मुंबईच्या दमट दुपारी लोकलच्या गर्दीत घामाशी मिसळून वेगळाच वाटू शकतो, तर कोरड्या थंडीत तोच दबून जातो. ‘कूल वॉटर’सारखा गार वळणाचा परफ्युम उकाड्यात शोभतो, तरीही बंद डब्यात किंवा लहानशा केबिनमध्ये दोन फवारे पुरेत. नेहमीच्या सदऱ्यावरही आतल्या बाजूने एक फवारा मारून पाहावा. कापडावर वास अधिक काळ टिकतो, मात्र पांढऱ्या किंवा रेशमी कापडावर डाग पडण्याचा धोका असतो.

एका दिवसात मन ठरले नाही, तर दोन मिलिलिटरची नमुना कुपी किंवा सर्वांत लहान बाटली घ्यावी. एका फवाऱ्यात साधारण दशांश मिलिलिटर द्रव बाहेर पडतो, म्हणजे 125 मिलिलिटरच्या बाटलीत हजाराहून अधिक फवारे असतात. रोज चार वापरले तरी ती दहा महिने पुरते. मोठी बाटली प्रति मिलिलिटर स्वस्त पडते हे खरे, परंतु न आवडलेला परफ्युम दहा महिने वापरण्यात बचत कसली?

खरेदीच्या वेळी खोके बंद आहे ना, त्यावर आयातदाराचे नाव व पत्ता, आयात नोंदणी क्रमांक, कमाल किरकोळ किंमत आणि निव्वळ प्रमाण छापलेले आहे ना, हे पाहावे. खोक्यावरचा बॅच क्रमांक बाटलीच्या तळाशी असलेल्या क्रमांकाशी जुळवून पाहावा. पहिल्यांदा वापरताना दुकानात जाणवलेल्या वासाशी, आणि टिपून ठेवलेल्या ओळींशी, तो मिळताजुळता आहे याची खात्री होईपर्यंत बिल व खोके टाकू नये. बाटली न्हाणीघरात किंवा उन्हाच्या खिडकीत न ठेवता कपाटात, त्याच खोक्यात ठेवावी.